आधी फी भरा, मग फी माफीचं बघू

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी कुणाचा पैसा खाल्लेला नाही. सव्वीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली, त्यातली अठरा शिष्यवृत्तीच्या टेबलावर, आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या कपभर चहालाही मिंधा झालो नाही. कारकून काही कबूल करायला लागला की लोक आधी पैसे शोधतात. माझ्याकडे ते सापडणार नाहीत. जे सापडेल ते माझ्या मते त्याहून वाईट आहे, आणि परवापरवापर्यंत ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

संपादकांनी लेख मागितला तो खिडकीवर येणाऱ्या गमतीशीर माणसांवर. हलकंफुलकं येऊ द्या म्हणाले, दिवाळीचा अंक आहे. मी हो म्हणालो. गमती आहेत, त्या देतो. पण त्यांच्या मागचंही देणार आहे. नको वाटलं तर त्यांनी लेख परत पाठवावा, अर्धा छापू नये. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. त्यामागे भीती नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीच्यांना हायसं वाटतं, तेवढं मला होऊ द्यायचं नाही.

नोकरीची पहिली वर्षं साताऱ्यात गेली. मग संस्थेने बदली केली ती सांगली जिल्ह्यातल्या कॉलेजात. शिराळ्याकडची पोरं तिथे सकाळच्या एसटीने येतात. दोन्हीकडे माझं काम एकच. शिकायला पैसे कमी पडणाऱ्या मुलांचे अर्ज बघायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सरकार पैसे पाठवतं आणि कॉलेज वाटतं. तसं नसतं. मुलाने अर्ज ऑनलाइन भरायचा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा, रेशनकार्ड, गुणपत्रक, सगळ्याचे फोटो जोडायचे. एकेका दाखल्यासाठी तहसीलला दोन-तीन खेपा ठरलेल्या. एवढं करून अर्ज सरकारकडे जात नाही. आधी माझ्याकडे येतो. मी तपासून बटण दाबलं की प्राचार्यांकडे, तिथून जिल्ह्याच्या ऑफिसात. मुदतीच्या आत मी बटण दाबलं नाही तर अर्ज माझ्याच टेबलावर मरतो. मुलाला मात्र स्क्रीनवर एवढंच दिसायचं, की नामंजूर. कुणी केला, का केला, काही नाही.

साताऱ्यातला पहिला आठवतो तो एक निवृत्त सुभेदार. मुलीला बी.ए.ला घालायला आला होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बुटांत तोंड दिसावं असं पॉलिश. माजी सैनिकांच्या मुलांना सवलत असते म्हणून मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला.

"कुणापुढं हात पसरला न्हाई आजवर. पोरगीबी पसरणार न्हाई."

मागे मुलगी खाली मान घालून उभी. पेन्शनमध्ये दोघा भावांचं आणि तिचं शिक्षण बसत नाही हे तिला माहीत होतं, आणि वडिलांना ते बोलून दाखवायची सोय नव्हती. मी म्हणालो, साहेब, हा अर्जच नाही, ही हजेरी आहे. पलटणीत रोज हजेरी द्यायचात ना? आता निवृत्त झालात तर सरकारला कळायला नको, सुभेदारसाहेब कुठे राहतात, मुलगी काय शिकते? त्यांनी जरा विचार केला. मग खिशातलं पेन काढून सही केली, सहीखाली हुद्दा, नंबर, पलटण सगळं लिहिलं. पुढची तीन वर्षं जून आला की ते खिडकीशी ताठ उभे राहून म्हणायचे, "घ्या, हजेरी आली."

दुसरा वाईचा. आई घाटावर फुलं विकायची. याची शिष्यवृत्ती दोनदा मंजूर झाली आणि पैसा एकदाही आला नाही. तो थेट माझ्याशी भांडायला आला. "तुमीच खाल्लं आसणार," म्हणाला. भरल्या ऑफिसात. मला राग आला, आणि रागानेच मी शोध घेतला. बहुतेक मुलांना ठाऊक नसतं, की अर्जावर तुम्ही कुठलंही खातं लिहा, पैसे जातात ते आधार ज्या खात्याला जोडलेलं असेल तिथे. याचं आधार जोडलेलं होतं ते पाचवीत असताना शाळेने गणवेशाच्या पैशांसाठी काढून दिलेल्या खात्याला. पासबुक घरी देवाच्या फोटोमागे सापडलं. दोन वर्षांचे सगळे पैसे तिथे शांत पडलेले. पेढे घेऊन आला. माफी मात्र मागितली नाही. "गावले म्हनून बरं. न्हाई तर मी तुमचंच नाव घेतलं आसतं," म्हणाला आणि एक पेढा स्वतःच उचलून खाल्ला.

असे किस्से मी सांगत बसलो तर अंक भरेल. हे काम मला येत होतं. कुठला दाखला कुठे अडतो, कुठल्या तलाठ्याला कसं बोलायचं, कुठल्या बापाला सगळ्यांसमोर विचारायचं नाही, सगळं येत होतं. म्हणून पुढचं जे झालं ते अजाणतेपणाने झालं असं मला म्हणता येत नाही.

सांगलीकडे बदली झाली त्याच सुमारास अर्ज नुकतेच ऑनलाइन झाले होते. सरकारचा आदेश स्वच्छ होता. सवलतीला पात्र असलेल्या मुलाकडून सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी घ्यायची नाही, ती सरकार कॉलेजला देईल. त्या आदेशाची झेरॉक्स माझ्या ड्रॉवरमध्ये होती. पण सरकारचा पैसा यायला वर्ष-दोन वर्षं लागत आणि कॉलेजला रोजचा खर्च असे. तासावर शिकवणाऱ्या मास्तरांचे पगार त्यातूनच निघायचे. म्हणून सगळ्यांकडूनच पूर्ण फी मागायची आणि सरकारचे आले की परत देऊ म्हणायचं, अशी पद्धत पडली होती. पोरं अर्धी भरायची, उरलेली थकायची. तेव्हाचे प्राचार्य मला म्हणाले, काहीतरी मार्ग काढा.

मार्ग मी काढला. मुलांची शेंडी कुठे हातात येते हे मला कळत होतं. ज्याची फी बाकी, त्याच्या नावापुढे यादीत लाल टिंब. लाल टिंबवाल्याचा अर्ज पुढे पाठवायचा नाही. फी भरली, की टिंबावर काट आणि अर्ज पुढे.

म्हणजे फी माफ व्हावी म्हणून केलेला अर्ज, फी भरेपर्यंत अडवायचा. आज लिहिताना हसू येतं. तेव्हा मला मी हुशार वाटलो होतो. महिन्याभरात खिडकीवर पैशांची रांग लागली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर माझा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला. प्राचार्य माइकवर म्हणाले, जगतापांसारखी माणसं संस्थेचा कणा आहेत. मी मान खाली घालून उभा होतो, नम्रपणाने.

मला हे कर असं कुणीही सांगितलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितोय. चौकशी लागली की प्रत्येक जण वरून आदेश होता म्हणतो. वरचा आदेश याच्या उलट होता आणि तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

त्याच वर्षी एक बागायतदार मुलाचा अर्ज घेऊन आला. नदीकाठचा ऊस, दारात मोठी काळी गाडी. उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाचा जो आकडा होता त्यात त्या गाडीचे टायरसुद्धा आले नसते. पण दाखल्यावर तहसीलचा शिक्का होता आणि फी पहिल्याच दिवशी पूर्ण भरलेली. लाल टिंब नाही. त्याचा अर्ज मी पहिल्याच दिवशी पुढे पाठवला. जाताना तो म्हणाला, "भाऊसाहेब, आमा गरिबांवर लक्ष असू द्या." आम्ही दोघंही हसलो.

त्याच यादीत समीना नदाफ होती.

समीना शिराळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली. आमच्याच कॉलेजात बी.एस्सी. झाली होती, पहिल्या वर्गात, आणि एम.एस्सी. रसायनशास्त्राला प्रवेश घेतला होता. वडील आयूबभाई गाद्या भरायचे. कापूस पिंजायचं मशीन टेम्पोत टाकून गावोगाव फिरायचे. घरातून इतकं शिकणारी ती पहिलीच. तिच्याकडे एक निळा प्लास्टिकचा फोल्डर असायचा, त्यात कागद नंबर घालून लावलेले. इतका नीट अर्ज मी अठरा वर्षांत दुसरा पाहिला नाही. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

निम्मी फी भरायला आयूबभाई स्वतः आले होते. नोटा मोजून देताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मशीन इकलं भाऊसाहेब. हातानं पिंजतो आता. हाताला काय झालंय?" मी पावती फाडली. पावतीवर बाकी किती ते लिहिलं. यादीत तिच्या नावापुढे टिंब केलं.

मुदत संपायच्या आत ती तीन वेळा खिडकीवर येऊन गेली. अर्ज गेला का सर, एवढंच विचारायची. मी म्हणायचो, आधी फी भरा, मग बघू. तिने एकदाही आवाज चढवला नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे अकरा अर्ज उरले होते, सगळे लाल टिंबाचे. साइट त्या दिवशी हळू चालत होती. पुढे मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत राहिलो, की साइट बंद पडली होती. ती बंद पडली नव्हती. मला अकरा वेळा बटण दाबायचं होतं, पाऊण तासाचं काम. मी कॉम्प्युटर बंद केला आणि घरी गेलो.

फेब्रुवारीत ती आली. म्हणाली, नेट कॅफेत बघितलं, नामंजूर दाखवतंय. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "वरून नाकारलाय. तुझाच एखादा कागद चुकला असेल. नीट बघून भरायचा असतो."

तिने तिथेच खिडकीबाहेरच्या कठड्यावर फोल्डर उघडला. एकेक कागद काढून वरपासून खालपर्यंत वाचायला लागली. चूक शोधत होती. मागची पोरं तिच्या बाजूने हात घालून आपले कागद मला देत होती आणि मी ते घेत होतो. पंधराएक मिनिटांनी तिने फोल्डर मिटला, थँक्यू सर म्हणाली आणि गेली. फी बाकी म्हणून तिला हॉल तिकीट मिळालं नाही. नंतर ती कॉलेजात दिसली नाही.

पुढच्या वर्षी मी लाल टिंब बंद केलं. का बंद केलं असं विचारल्यावर म्हणालो, वेळ पुरत नाही. म्हणजे जे बरं केलं तेही खोटं बोलूनच.

आणि मग या वर्षीचा पावसाळा. जुलैमधल्या एका बुधवारी खिडकीवर तिशीची एक बाई येऊन उभी राहिली. मी लगेच ओळखलं. चेहऱ्याआधी कागद लावायच्या पद्धतीवरून ओळखलं. फोल्डर निळा नव्हता, पण कागद तसेच नंबर घातलेले.

"ओळखलं न्हाई तुमी, सर," ती म्हणाली.

मी म्हणालो, खूप मुलं येतात.

ती शिराळ्यात दिली होती, दोन मुलं होती, घरी शिकवण्या घ्यायची. बी.एड.ची प्रवेश परीक्षा पास झाली होती आणि जागाही मिळाली होती. शनिवारपर्यंत कॉलेज सोडल्याचा दाखला दिला नाही तर ती जागा जाणार होती. आणि दाखला आमच्या कपाटात. आमच्या अकाउंटच्या माने साहेबांनी तिला सांगितलं होतं, जुनी बाकी आणि त्यावरचा दंड भरा, मग दाखला. मुलांचे मूळ कागद बाकीपोटी अडवून ठेवता येत नाहीत, हे माने साहेबांना जेवढं माहीत आहे तेवढंच मलाही. तिला फक्त एवढंच हवं होतं, की शिष्यवृत्तीचा अर्ज सरकारने नाकारला होता असा कागद मी द्यावा, म्हणजे दंड तरी माफ होईल का ते बघता येईल.

माझ्या खोट्याचाच दाखला ती माझ्याकडे मागायला आली होती.

मी तिला उद्या ये म्हणालो आणि प्राचार्यांकडे गेलो. हे प्राचार्य नवे. सगळं ऐकून म्हणाले, मागच्याचं मला सांगू नका, रजिस्टरला बाकी आहे तोवर दाखला नाही. बाहेर आल्यावर मी माने साहेबांना म्हटलं, त्या पोरीची काही चूक नाही हो. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"आवं जगताप, एवढं मनाला लागलंय तर खिशातनं भरा की. पुण्य लागंल. आन् बोंबलू नका कुटं."

खरं सांगायचं तर मला ते पटलं. हायसं वाटलं. गुपचूप भरून टाकायचे, तिला दाखला मिळेल, कुणाला काही कळणार नाही, आणि मी रात्री झोपेन. जेवायच्या सुट्टीत बँकेत जाऊन पैसे काढले. गुरुवारी ती आल्यावर तिला खिडकीवर न बोलवता बाजूच्या रिकाम्या वर्गात नेलं आणि म्हणालो, तुझी बाकी मी भरतो, तू दाखला घेऊन जा.

"तुमी का भरताय?"

मी म्हणालो, अगं, असू दे.

"तसं कसं असू दे? दुसऱ्याच्या पैशानं दाखला न्हाई न्यायची मी. तुमी का भरताय ते सांगा."

वर्गात फळ्यावर कुणाचातरी अर्धवट पुसलेला तास होता. मी त्याच्याकडे बघत सांगितलं. लाल टिंबाचं सांगितलं, शेवटच्या दिवसाचं सांगितलं, साइट चालू होती हेही सांगितलं. ड्रॉवरमधल्या आदेशाचं सांगितलं, म्हणजे ती बाकी मुळात बाकीच नव्हती. माझा आवाज नेहमीचाच होता, खिडकीवर नियम सांगतो तसा. त्याचीही मला लाज वाटली.

ती बाकावर बसली.  मग म्हणाली,

"म्हंजे अर्ज बरोबर हुता?"

बरोबर होता, मी म्हणालो.

"सगळा?"

"एकही कागद कमी नव्हता. चूक नव्हती."

मग ती बोलायला लागली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, मशीन गेलं ते गेलं, पण घरात सगळ्यांनी मानलं की पोरीला फॉर्म भरता आला नाही. आत्या आली की विचारायची, तीच का ती, जिच्या चुकीने आयूबचं मशीन गेलं? लग्न करून दिली तेव्हा ते सासरपर्यंत पोचलं होतं. रेशनकार्डाचा फॉर्म असो की मुलाच्या शाळेचा, सासू म्हणणार, तिच्याकडे देऊ नका, तिच्या हातचा फॉर्म नापास होतो. सगळे हसायचे. ती पण हसायची. बी.एड.च्या परीक्षेचा अर्ज तिने चार जणांकडून तपासून घेतला होता, त्यातला एक नववीतला पोरगा होता.

"आठ वरसं मी त्यात चूक हुडकतीय, सर. पाठ झालाय मला त्यो अर्ज."

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही, ऐकलीच नाही बहुतेक. पैशाचं पाकीट बाकावर होतं, ते तिने माझ्याकडे सरकवलं.

"हे ठेवा. माझा अर्ज बरोबर हुता, एवढं लिवून द्या. सही-शिक्क्यानिशी."

आता इथे मी धीट झालो असं लिहिता आलं असतं. मी झालो नाही. मी म्हणालो, मी तुझ्या घरी येतो, तुझ्या वडिलांना समोर बसून सांगतो, सासूबाईंना सांगतो.

"तोंडी तर तुमी मागंबी सांगितलं हुतं," ती म्हणाली.

  मी टेबलावर परत आलो, कॉलेजचं छापील पत्र घेतलं आणि लिहिलं. समीना आयूब नदाफ यांचा शिष्यवृत्तीचा अर्ज सर्व कागदपत्रांसह, अचूक व मुदतीत माझ्याकडे आला होता. त्यांची फी बाकी असल्याच्या कारणाने मी तो पुढे पाठवला नाही. असे करण्यास कोणताही नियम नव्हता; नियम याविरुद्ध होता. अर्ज शासनाने नाकारला हे मी त्यांना सांगितलेले खोटे होते. खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा, शिक्का. जावक रजिस्टरला नंबर टाकला, म्हणजे उद्या कुणी हे पत्र घरी बसून लिहिलंय असं म्हणू नये. एक प्रत तिला, एक प्राचार्यांच्या टेबलावर. माने साहेबांनी नंबर टाकताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "लेकरांच्या फीया भरायच्यात अजून तुमच्या," म्हणाले. तेही खरंच होतं. माझा धाकटा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, आणि त्याचा अर्ज कुणाच्या तरी टेबलावर असतोच.

शुक्रवारी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. दाखला सही करून तयार होता. आवाज अगदी गोड. ताई, बाकी माफ केली, दंड माफ केला, हा तुमचा दाखला. ते पत्र तेवढं इकडे द्या, ऑफिसच्या नोंदीला लागतं.

समीनाने दाखला घेतला. नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, शिक्का बघितला. फोल्डरमध्ये नंबर लावून ठेवला. मग उठली.

"आणि पत्र?" प्राचार्य म्हणाले.

"पत्र आब्बांचं हाय," ती म्हणाली आणि निघाली. मला तिने नमस्कार केला नाही. करायचं काही कारणही नव्हतं.

तिचा बी.एड.चा प्रवेश झाला. हे मला तिने कळवलं नाही, मी यादीत पाहिलं. आयूबभाईंचा मात्र एकदा फोन आला. पत्र त्यांनी दोनदा वाचून घेतलं होतं. पत्रात लिहिलंय ते खरं का, एवढंच विचारलं. मी खरं आहे म्हणालो.  मग म्हणाले, "पोरीला मी लय बोललो हो, भाऊसाहेब." आणि फोन ठेवला. मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मला नोटीस मिळाली आहे. कार्यालयाची बदनामी होईल असं पत्र परवानगीशिवाय दिलं म्हणून. अर्ज अडवला म्हणून नाही, तेव्हा शाल मिळाली होती. खुलासा मागितलाय. माने साहेबांचा सल्ला असा, की भावनेच्या भरात लिहिलं गेलं असं म्हणा, दिलगिरी द्या, सुटाल. मी दिलगिरी देणार आहे, पण या ऑफिसला नाही. त्या वर्षी अकरा अर्ज अडले. समीनाचा त्यातला एक. उरलेल्या दहा जणांची नावं, वर्ग आणि गावं मी खुलाशाला जोडली आहेत, आणि दहाही जणांना तसंच पत्र पोस्टाने पाठवलं आहे, जावक नंबरासकट. दोन परत आली, पत्ता सापडला नाही म्हणून. एका मुलाचा फोन आला, तो तामिळनाडूत कंपनीत आहे, म्हणाला, आता काय उपयोग सर? मी म्हणालो, उपयोग नाही, पण तुझा अर्ज बरोबर होता.

गावात काही लोक म्हणतात, सवलतीवाल्या पोरांना फुकट शिकायची सवय लागलीय. त्यांनी एकदा माझ्या खुर्चीत बसावं. फुकट शिकणारी पोरं मी अठरा वर्षांत पाहिलेली नाहीत. मजुरी बुडवून तहसीलच्या पायऱ्यांवर दाखल्यासाठी बसलेले आईबाप पाहिलेत. तो पैसा त्या पोरांच्या हक्काचा आहे. मी तो माझ्या मर्जीचा करून ठेवला होता.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या मुलांना, आणि त्यांच्या आयाबापांना, एवढंच सांगतो. खिडकीतला माणूस आधी फी भरा म्हणाला, कागद चुकलाय म्हणाला, वरून आलेलं नाही म्हणाला, तर मान डोलावून परत फिरू नका. तो माझ्यासारखा सभ्य असेल, मऊ बोलेल, तरी फिरू नका. म्हणा, लेखी द्या. रांग खोळंबू दे, मागचे ओरडू देत. मी आत बसलेला माणूस आहे म्हणून सांगतो, या दोन शब्दांना आमचा हात थांबतो. ते मागायची जबाबदारी समीनाची नव्हती, अर्ज पाठवायची माझी होती. पण तिने त्या फेब्रुवारीत कठड्यावर फोल्डर उघडण्याऐवजी लेखी मागितलं असतं, तर मी दिलं नसतं. मी घाबरलो असतो, जिल्ह्याच्या ऑफिसला फोन केला असता आणि मुदत उलटलेली असली तरी हातापाया पडून तो अर्ज परत उघडून मार्गी लावला असता.